वेबसाइट तुमची, ताबा कुणाचा?

देवगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात हापूसची पेटी वाशीच्या बाजारात न पाठवता थेट ग्राहकाच्या घरी पोचवणारे अनेक बागायतदार आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची स्वतःची छोटी वेबसाइट असते. ती ओळखीतल्या एखाद्या मुलाने करून दिलेली असते आणि सीझन संपला की पुढच्या मोहोरापर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या संवादातला बागायतदार ही कुणी एक व्यक्ती नाही. मिठाईवाला, पैठणी विकणारी ताई, होमस्टे चालवणारे कुटुंब, ट्रॅव्हल्सवाला अशा सगळ्यांच्या मनातले आक्षेप त्याच्या तोंडी दिले आहेत. ते आक्षेप बिनबुडाचे नाहीत, म्हणून त्यांना पुरती जागा दिली आहे.

बागायतदार : माझी वेबसाइट म्हणजे सहा पानं. बागेचे फोटो, पेटीचे भाव, फोन नंबर आणि ऑर्डरचा फॉर्म. वर्षातले तीन महिने तिच्यावर गर्दी, बाकी शुकशुकाट. पैसे पेमेंट गेटवेवरून येतात, कुणाच्या कार्डाचा नंबर माझ्यापर्यंत येतही नाही. ज्याला चोरी करायची तो बँक फोडेल. माझी सहा पानं फोडून त्याला काय मिळणार? वर्तमानपत्रात हॅकिंगच्या बातम्या येतात त्या मोठ्यांच्या. मला त्या दाखवून घाबरवण्यात अर्थ नाही.

लेखक : मोठ्यांवरचा हल्ला आणि छोट्यांवरचा हल्ला वेगळ्या जातीचे असतात, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यामागे तयारी होती, नेमकी तीच बँक निवडलेली होती आणि अनेक देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढायला माणसं उभी होती. तुमच्यासाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही. पण तुमच्या बाबतीत निवड करायला माणूस बसलेलाच नसतो, ते काम प्रोग्राम करतो. जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर चालतात आणि तुमचीही बहुधा त्यांतलीच असेल. २६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसने ४.७.२ ही आवृत्ती काढली. आधीच्या दोन आवृत्त्यांमध्ये अशी फट होती, की पासवर्ड नसलेला माणूसही साइटवरचा मजकूर बदलू शकत होता. लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून या फटीचा तपशील मुद्दाम सहा दिवस गुप्त ठेवला आणि १ फेब्रुवारीला जाहीर केला. त्यानंतरच्या काही दिवसांत ज्यांनी अपडेट केलं नव्हतं अशा साइट्सवरची पंधरा लाखांहून अधिक पानं पुसून त्यांवर हल्लेखोरांनी आपली नावं लिहिली. त्या पानांचे मालक कोण, त्यांची उलाढाल किती, हे कुणीही पाहिलं नव्हतं. आवृत्ती जुनी आहे की नाही, एवढंच पाहिलं होतं. तुमचा आकार लहान असल्यामुळे हेरून केलेल्या हल्ल्यापासून तुम्ही वाचता, सरसकट हल्ल्यापासून वाचत नाही.

बागायतदार : पान पुसलं तर पुन्हा टाकता येईल. माझा प्रश्न मिळकतीचा आहे. माझ्या साइटवर ताबा मिळवून कुणाचं काय भलं होणार?

लेखक : तुमच्याकडे विकण्याजोग्या ज्या गोष्टी आहेत त्यांत आंबा सोडून आणखीही काही आहे. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या नावाची पत. काही वर्षं सरळ चाललेल्या साइटवर गूगलचा विश्वास असतो. तिच्यात बनावट औषधांची किंवा जुगाराची शेकडो पानं गुपचूप घुसवली, की ती शोधात वर येतात. तुम्हाला मात्र तुमचं पहिलं पान नेहमीसारखंच दिसत राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही भाड्याने घेतलेली होस्टिंगची जागा. तिथून लाखो फसवे मेल पाठवता येतात किंवा एखाद्या बँकेचं खोटं लॉगिन पान तिथे ठेवता येतं. तिसरी गोष्ट, ग्राहकांची यादी. मुंबई-पुण्यातल्या घरांचे पत्ते, मोबाइल नंबर आणि कोण किती पेट्या घेतो याचा हिशेब. ‘तुमची आंब्याची पेटी अडकली आहे, या लिंकवर दहा रुपये भरा’ असा मेसेज याच यादीवरून पाठवता येतो आणि ग्राहकाने खरोखरच पेटी मागवलेली असल्यामुळे तो खरा वाटतो. पैशांबद्दलचा तुमचा मुद्दा अर्धा मान्य. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाचा कार्ड नंबर साठवता येत नाही आणि त्यामुळे मोठा धोका खरोखर टळला आहे. पण साठवलेली माहिती न चोरताही पैसे पळवता येतात. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर हल्लेखोरांनी जेमतेम बावीस ओळींचा कोड घुसवला. ग्राहक कार्डाचा नंबर टाइप करत असतानाच तो बाहेर जात होता. लाखो ग्राहकांना त्याची झळ बसली आणि २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. तुमच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड असेल तर एवढ्याचीही गरज नाही. एक चित्र काढून दुसरं ठेवलं की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील, आणि पेटी का आली नाही हे ग्राहक तुम्हालाच विचारेल. यातलं काहीही गूगलच्या नजरेस आलं तर तुमची साइट उघडताना लाल पान दिसू लागतं, पुढे धोका आहे असं सांगणारं. ते एप्रिलमध्ये लागलं तर तुमचं वर्ष गेलं.

बागायतदार : समजलं. पण मला कोडमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायला वेळही नाही. ज्या मुलाने साइट केली त्याला मी पैसे दिले आहेत. गाडीचं इंजिन मेकॅनिक बघतो, तसं हे तो बघेल. मी मालक आहे, तंत्रज्ञ नाही.

लेखक : माझं म्हणणं याच वाक्यावर उभं आहे. तुम्ही मालक आहात, आणि छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटची सुरक्षा मुख्यतः मालकीचा प्रश्न आहे. तंत्राचा भाग त्याच्या मागून येतो. याला पुरावा आहे. २०१४ मध्ये ‘रेव्होल्यूशन स्लायडर’ नावाच्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये, गंभीर फट सापडली. बनवणाऱ्यांनी ती फेब्रुवारीतच बुजवली होती. तरी त्या डिसेंबरमध्ये तिच्यातूनच हजारो साइट्स बाधित झाल्या आणि गूगलने अकरा हजारांहून अधिक डोमेन रोखली. दुरुस्ती दहा महिने तयार असताना असं का झालं? हा प्लगइन अनेक तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्यांमध्ये, आधीच घातलेला होता. साइटच्या मालकाने थीम विकत घेतली होती, तिच्या पोटात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. थीममधल्या त्या प्लगइनला स्वतःहून अपडेट मिळत नव्हतं. थीम बनवणाऱ्याला वाटलं मालक बघेल, मालकाला वाटलं साइट करणारा बघेल, आणि साइट करणारा आपले पैसे घेऊन पुढच्या कामाला लागला होता. कोड न कळण्यामुळे यातलं काही घडलं नाही. हे काम नेमकं कुणाचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं, म्हणून घडलं. तुमची साइट करणारा तो मुलगा प्रामाणिक असेल, हुशारही असेल. पण तुम्ही त्याला साइट उभी करण्याचे पैसे दिले आहेत. ती सांभाळण्याचे दिले आहेत का? दिले असतील तर दर महिन्याला काय करायचं, हे कुठे लिहिलेलं आहे?

बागायतदार : लिहिलेलं काही नाही. फोन केला की तो करतो, असं आमचं चालतं. मग मालक म्हणून मी नेमकं काय बघायचं?

लेखक : सर्वांत आधी डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचं नाव. ते कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे, कुणाच्या ईमेलवर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे आजच विचारा. पुष्कळदा ते साइट करणाऱ्याच्याच खात्यात असतं. त्याने काम सोडलं, दुबईला गेला किंवा भांडण झालं, तर पेट्यांवर छापलेलं नाव तुमच्या हातात राहत नाही. मुदत विसरणं हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून हॉटमेलच्या ब्रिटनमधल्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं होतं. त्यांना ते परत मिळालं. तुमचं सुटलेलं डोमेन कुणी उचललं तर ते परत मिळवायला तुमच्याकडे वकिलांची फौज नसेल. त्यानंतर होस्टिंगचं खातं आणि वर्डप्रेसचं मुख्य लॉगिन. दोन्ही तुमच्या ईमेलवर हवीत, आणि त्या मुलाला त्याचं वेगळं लॉगिन द्यायचं, म्हणजे गरज संपली की ते बंद करता येतं. मग कुरिअरवाल्याला, पुतण्याला, मागच्या वर्षीच्या कामगाराला दिलेली लॉगिनं अजून चालू आहेत का ते बघायचं. यांतल्या एकाही गोष्टीला कोड यावा लागत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे तुम्ही जितक्या काळजीने बघता तितक्याच काळजीने हे बघायचं, एवढंच.

बागायतदार : ठीक. पण अपडेटचं काय? सगळे सांगतात अपडेट करा. अपडेट केलं की कधी फॉर्म बंद पडतो, कधी पान वाकडं दिसतं. भर सीझनमध्ये चालू साइटला हात लावायला माझं मन धजत नाही, आणि त्यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

लेखक : चुकत नाही. अपडेटने साइट मोडू शकते, आणि हे न सांगता उपदेश करणारे तुमचा विश्वास गमावतात. पण अपडेट दोन प्रकारची असतात आणि त्यांना एकच नियम लावून चालत नाही. नवी सोय किंवा नवं रूप आणणारी मोठी अपडेट जूनपर्यंत थांबू शकतात. फट बुजवणारी छोटी अपडेट थांबू शकत नाहीत. वर्डप्रेसने २०१३ पासून अशी छोटी अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली आणि २०२० पासून प्लगइनसाठीही स्वयंचलित अपडेटचं बटण दिलं. तुमच्या साइटवर ते कुणी बंद तर केलेलं नाही ना, एवढं विचारा. वेळ किती कमी असतो याचं उदाहरण ऑक्टोबर २०१४ चं आहे. ड्रुपल या दुसऱ्या प्रणालीत फट जाहीर झाल्यावर तिच्याच सुरक्षा चमूने पुढे सांगितलं, की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली साइट फुटली असं धरूनच चालावं. हे तुम्हाला बागेत कुणी समजावून सांगावं लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पहिली फवारणी मोहोर फुटण्याआधी, पालवीवर असते, कारण तुडतुड्याने मोहोर काळा केल्यावर औषध मारून फळ परत येत नाही. दुसरा उपाय याहून सोपा आहे. जे प्लगइन वापरात नाहीत ते काढून टाका. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमधल्या फटीचा फायदा घेतला गेला तेव्हा तो सात लाख साइट्सवर बसवलेला होता. फाइल हलवण्याची थोडी सोय व्हावी म्हणून बसवलेली वस्तू घुसखोराचं दार ठरली. जे साइटवर नाही, त्याला अपडेटही लागत नाही.

बागायतदार : आणि तरीही साइट मोडलीच तर? होस्टिंगवाला सांगतो की रोज बॅकअप होतो.

लेखक : तो खरंच सांगत असेल. पण बॅकअप कुठे आहे आणि तो कधी उघडून पाहिला होता, हे दोन प्रश्न त्याला विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. लाखो साइट्स बंद पडल्या, आणि ज्यांची प्रत त्याच आवारात होती त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली. दुसरं उदाहरण प्रोग्रामरांना सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं. तिथे दिवसरात्र तंत्रज्ञांचाच राबता. ३१ जानेवारी २०१७ ला चुकून त्यांचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती असूनही ऐन वेळी त्यांतली एकही नीट उपयोगी पडली नाही, आणि सुदैवाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. म्हणजे होस्टिंगवाल्याच्या प्रतीखेरीज एक प्रत तुमच्या ताब्यात, दुसऱ्या जागी हवी, आणि वर्षातून एकदा, समजा नोव्हेंबरमध्ये, तिच्यावरून साइट उभी करून दाखवायला त्या मुलाला सांगायचं. ती उभी राहते हे डोळ्यांनी पाहिलं, की अपडेटची भीतीही निम्मी होते.

बागायतदार : पासवर्डचं मला खरंच जमत नाही. अमुक अक्षर मोठं, तमुक चिन्ह, दर महिन्याला नवा. मी सगळीकडे एकच ठेवतो, बाकी डोक्यात मावत नाही.

लेखक : तुमची तक्रार तज्ज्ञांनीही मान्य केली आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं, की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये आणि चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावं. आपल्याच चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि फोडायला अवघडही जातो. पण सगळीकडे एकच ठेवणं मात्र सोडायला हवं. कुठल्या तरी तिसऱ्याच दुकानाच्या साइटवरून तुमचा पासवर्ड फुटला, की प्रोग्राम तो सगळीकडे लावून बघतात. पासवर्ड मॅनेजर वापरा. ते जमत नसेल तर घरातल्या कपाटात ठेवलेल्या वहीत लिहा. सगळीकडे एकच ठेवण्यापेक्षा ते बरं, कारण परदेशातला प्रोग्राम तुमचं कपाट उघडू शकत नाही. सर्वांत जपायचं ते ईमेल, कारण पासवर्ड विसरला की नवा तिथेच येतो. त्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागितला जाईल. २०१९ मध्ये गूगलने न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर केलेल्या अभ्यासात, खात्याला जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या कोडने स्वयंचलित प्रोग्रामचे सगळे, सरसकट फसव्या मेलांपैकी ९६ टक्के आणि हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्के प्रयत्न अडवले. हे आकडे तुमच्या बाजूने बोलतात. तुमच्यावर येणारा हल्ला बहुधा पहिल्या दोन प्रकारांतला असतो, आणि त्यांच्यावरच हा फुकटचा उपाय सर्वांत जास्त चालतो.

बागायतदार : माझ्या साइटला कुलपाचं चिन्ह आहे. मला वाटत होतं, तेवढ्याने झालं.

लेखक : ते हवंच. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेमुळे २०१५ च्या अखेरीपासून त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या साइटला असुरक्षित म्हणू लागला. पण त्याचा अर्थ एवढाच, की ग्राहकाने भरलेला पत्ता वाटेत कुणाला वाचता येत नाही. तो पोचल्यावर साइटच्या आत काय चाललंय याची हमी ते चिन्ह देत नाही. फसव्या साइटलाही ते मिळतं.

बागायतदार : मग माझा शेवटचा आक्षेप ऐका, तो मला सर्वांत खरा वाटतो. फट ठेवली कंपनीने. हल्ला केला चोराने. आणि काम वाढलं माझं. मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा फुटतो, त्यांचं काही बिघडत नाही. छोट्याला मात्र सांगायचं, तू सावध राहा. हा भार ज्यांनी वस्तू बनवली त्यांच्यावरच का नसावा?

लेखक : असावा, आणि तो जितका त्यांच्यावर जाईल तितकं बरं. आतापर्यंत खरी सुधारणा उपदेशाने झालेली नाही. अपडेट आपोआप झालं, प्रमाणपत्र फुकट झालं, कार्ड साठवायला मनाई झाली, आणि कोट्यवधी लोक काही न शिकता थोडे अधिक सुरक्षित झाले. होस्टिंग निवडताना हेच निकष लावा. दोनशे रुपये स्वस्त आहे म्हणून दुहेरी पडताळणी न देणारा होस्ट घेऊ नका, ग्राहक म्हणून तुमच्या हातात असलेला दाब तोच आहे. पण हे सगळं झाल्यावरही काही गोष्टी दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत. डोमेन कुणाच्या नावावर, लॉगिन कुणाकडे, प्रत कुठे आणि ग्राहकाची माहिती किती दिवस ठेवायची, हे फक्त मालक ठरवू शकतो. शेवटच्या मुद्द्याला आता कायद्याचं वजन आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कमाल मर्यादा आहे आणि ती तुमच्यावर येईल अशी भीती मी घालणार नाही. पण त्या कायद्यातलं तत्त्व साधं आणि तुमच्या सोयीचं आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसावी. हिशेबाला आणि करासाठी लागतं तेवढं ठेवा, सहा वर्षांपूर्वीच्या ऑर्डरमधले घरचे पत्ते साइटवरून काढा. जी यादी साइटवर नाही ती तिथून चोरीला जाऊ शकत नाही.

बागायतदार : एवढं सगळं करून साइट सुरक्षित होईल, असं लिहून द्याल?

लेखक : नाही, आणि जो लिहून देईल त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. तुम्ही दुसरी गोष्ट साधू शकता : नुकसान किती दिवसांचं होऊ द्यायचं, हे आधीच ठरवणं. नाव तुमचं, किल्ल्या तुमच्या आणि उघडून पाहिलेली प्रत हाताशी असेल, तर साइट फुटली तरी तिचा फोन नंबर आणि फॉर्म एक-दोन दिवसांत पुन्हा उभे राहतात. नसेल, तर डोमेनपासूनची शोधाशोध करताना मे उलटतो. म्हणून त्या मुलाबरोबर एक पानभर करार करा. दर महिन्याला अपडेट आणि बॅकअप, वर्षातून एकदा प्रत उभी करून दाखवणं, सगळी मुख्य खाती तुमच्या ईमेलवर, आणि या सांभाळण्याचा वेगळा, ठरलेला मोबदला, कारण फुकटच्या कामाला कुणी बांधील राहत नाही. गूगलचं सर्च कन्सोल तुमच्या नावाने जोडा, ते फुकट आहे आणि साइटमध्ये घाण घुसल्याचं लक्षात आलं की मेल पाठवतं. काही घडलंच तर काय करायचं तेही त्याच पानावर लिहा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, साइट फुटली असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं, ज्यासाठी एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सहा तासांची मुदत घातली आहे, आणि ज्यांची माहिती गेली असेल त्या ग्राहकांना तुमच्याकडूनच पहिला निरोप. तुमचा आंबा लोक न चाखता, आगाऊ पैसे देऊन मागवतात तो तुमच्या नावावरच्या विश्वासाने. त्या विश्वासाची राखण पगारी माणसाकडून करून घेता येते, पण तिची जबाबदारी मालकाचीच राहते.